तिसरं बोट

शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घातली की त्या धुराच्या वासाबरोबर मला आत्याचा जबडा आठवतो. असोद्याला आमच्याकडे भरिताचं मीठ आधी ती चाखायची, मगच केळीच्या पानांवर वाढलं जायचं. एका हिवाळ्यात तिचं तोंड जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. जळगावच्या डॉक्टरांनी कानापुढच्या, जबड्याच्या सांध्यात दोन सुया घालून तो धुऊन काढला होता. "आता तीन बोटं एकावर एक तोंडात गेली तर ठीक. नाहीतर दुर्बिणीनं बघू, आणि तेही जमलं नाही तर सांधा उघडावा लागेल," ते म्हणाले होते. आत्यानं एवढंच विचारलं, "मंग भाकर चावता येईन का?" भरिताच्या दिवशी तिनं तीन बोटांवर भरीत घेतलं, बोटं उभी केली आणि तोंडात घातली. तिसरं दातांशी अडलं, मग गेलं. सगळे पानांवर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते. "मीठ कमी हाये," ती म्हणाली. हल्ली मीठ मी चाखते. तोंड उघडताना कानाजवळ टक् असं वाजतं. भरीत मी दोनच बोटांवर घेते. तिसरं अजून लावून पाहिलेलं नाही.