मागं वळून बघायचं नाही

आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत पालकांसाठी मी घातलेले नियम मनापासून पाळले ते एकानंच. नातीला सोडायला येणाऱ्या एका आज्यानं. मी मुलांची नखं तपासायला लागले, की हाही रांगेत नातीच्या मागं उभा राहून हात पुढं करायचा. "माझीबी बघ ना, बाय!" डोकं तेलानं चप्प, भांग नातीसारखाच मधोमध.

तो निघाला की नात भोकाड पसरायची. मग हा दहादा मागं वळणार आणि ती आणखीच रडणार. शेवटी मी खडसावलं, "पोरीला सोडलं की मागं वळून बघायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी आजा उतारावरून उलटा चालत निघाला. तोंड अंगणवाडीकडं आणि दोन्ही हात हवेत. मी ओरडले तर म्हणतो, "मी वळलोच कुठं, बाय?" एवढं म्हणून नाचणीच्या शेतात धप्पकन बसला. नात रडता रडता खिदळली. पुढच्या आठवड्यात दोन आयाही उलट्या उतरू लागल्या.

परवा मात्र नात आली ती थेट आत पळाली आणि ठोकळ्यांत रमली. आजा सवयीनं उलटा उतरत हात हलवत राहिला. दारात कोणीच नव्हतं. मला राहवेना. हातातल्या खिचडीच्या डावासकट मी दारात गेले आणि तोच हलवला.

खालून हाक आली, "रडू नको गं बाय, दुपारी येतोय मी!"