बोर्डकरच्या तारा

नवं काम हातात आलं की बोर्डकर आधी सगळं मोडायचा. कालपर्यंत झकास चाललेल्या बोर्डातल्या शे-दीडशे तारा एकेक करून उपसायचा, लांबीप्रमाणे टेबलावर मांडायचा आणि त्या भोकाभोकांच्या कोऱ्या पाटीकडे बघत निवांत तपकीर ओढायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

फोर्टातल्या एका विमा कंपनीत आम्ही दोघं भोकं पाडलेल्या कार्डांवरून याद्या छापणाऱ्या यंत्रावर होतो. माझी नात हल्ली कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करते आणि तिचा नवा प्रोजेक्ट उभा राहतो. आमच्या वेळी यंत्राला हुकूम द्यायचा तो तारांनी. कार्डावरचा कुठला आकडा कागदावर कुठे छापायचा, हे बोर्डाच्या भोकांत तारा खोचून सांगायचं. बोर्डकरचं खरं आडनाव वेगळं होतं. हे बारसं आम्ही केलं. तो लालबागच्या चाळीतला, मॅट्रिक. मी फणसवाडीतला, बी.ए. हे मी त्याला येता-जाता ऐकवायचो आणि तो "हो तर!" म्हणून मनापासून कौतुक करायचा. आता काय करावं अशा माणसाचं?

बोर्ड कोरा झाला की तो एकच तार खोचायचा आणि एकच कार्ड सोडायचा. कागदावर एक आकडा उमटला की, "जिवंत आहे रे! आता बाळसं धरेल," म्हणायचा. मग पुढची तार. मी म्हणायचो, "अरे, जुन्याच बोर्डात चार तारा बदल की! अर्ध्या तासाचं काम." त्यावर त्याचं ठरलेलं, "घाई कित्याक? दुसऱ्याच्या अंथरुणावर निजलास, तर त्याचे ढेकूण तुला चावणारच."

मला ते चावले जिल्हावार यादीच्या कामात. हेड ऑपरेटर निवृत्त व्हायचे होते, त्यांची खुर्ची आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होती, म्हणून हे काम मी मुद्दाम मागून घेतलं होतं. जुन्या बोर्डातली एक तार तशीच राहिली आणि जिल्ह्याच्या रकान्यात माणसांची वयं छापली गेली. सगळं खातं फिदीफिदी हसलं. बोर्डकर हसला नाही. बाह्या सरसावून माझ्याबरोबर तारा उपसायला बसला आणि साहेबांना म्हणाला, "आम्ही दोघांनी लावला होता बोर्ड." मी आणखीच जळलो. मेल्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका शनिवारी जाताना तो मला म्हणाला, "सत्याग्रहाला चाललोय. पकडतील बहुतेक." घोषणा मीही द्यायचो, पण घराच्या गॅलरीतून. सोमवारी तो आला नाही. साहेबांनी मला आत बोलावलं. "आजारी आहे का तो?" कंपनीला चळवळीतली माणसं नको होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. "ताप आहे" म्हटलं असतं तरी निभावलं असतं. खात्यात सगळे एकमेकांसाठी तेवढं म्हणत. मी म्हणालो, "नाही साहेब. सत्याग्रहात पकडलाय त्याला." मला खुर्ची दिसत होती, दुसरं काही नाही.

दोन आठवड्यांनी तो सुटून आला, तेव्हा त्याला कामावरून काढल्याचं पत्र तयार होतं आणि खुर्चीवर मी होतो. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. साहेबांकडून पत्र घेऊन तो सरळ माझ्याकडे आला. मी मान खाली घातली. त्यानं माझा हात हातात घेतला.

"तू साहेबांना खरं सांगितलंस ना रे? सुटलो बाबा! आत हाच घोर लागला होता. म्हटलं, माझ्यापायी हा खोटं बोलून बसला आणि ते उघडकीला आलं, तर याचीही नोकरी जायची."

एवढं बोलून तो परळची ट्राम पकडायला निघून गेला. पुन्हा आमची गाठ पडली नाही. मी पडू दिली नाही, असं म्हणा. त्या खात्याचा हेड म्हणूनच मी निवृत्त झालो, आणि बोर्डकरचा हेवा वाटला नाही असा एक दिवस त्या खुर्चीवर गेला नाही.