दुधाचं कॅलेंडर

पिंपळीच्या आमच्या घरी डेअरीला घातलेलं दूध भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची पद्धत होती. गाय आटली तेव्हा त्याच चौकोनांत मी माझे आकडे लिहू लागले: दिवसातून किती वेळा परसाकडं जावं लागलं. रक्त पडलं तर खाली लाल रेघ.

पुण्याच्या डॉक्टरांनीच तसं लिहायला सांगितलं होतं. माझ्या मोठ्या आतड्याला व्रण झाले होते. असा आजार काही घरांत पुन्हा पुन्हा का दिसतो, हे ते शोधत होते. त्यासाठी त्यांना माझ्या वडिलांचं, म्हणजे तात्यांचंही रक्त हवं होतं.

“आमच्या रक्तात काय बी न्हाय,” तात्या म्हणाले.

खरं तर त्यांची सख्खी बहीण, माझी आत्या, ऐन पंचविशीत असंच रक्त पडून पडून गेली होती. पण तिच्या पाठच्या दोघी उजवायच्या होत्या, म्हणून ती विंचू चावून गेली असं सांगायचं ठरलं. आता माझा आजार झाकायची पाळी आली होती.

इंदापूरकडचं स्थळ आलं. तोंड उघडायचं नाही, असं आईनं मला बजावलं. गोळ्यांनी सुजलेला माझा चेहरा बघून मुलाची आई म्हणाली, “अंगानं भरल्याली हाय पोरगी.” मुलाचे वडील कॅलेंडरपुढं जाऊन उभे राहिले.

“दिवसाला बारा लिटर? गाय झ्याक हाय की तुमची.”

“व्हय,” आई म्हणाली.

आधी मला हसू आलं, मग डोकं सणकलं. त्या महिन्यात मी भिंतीला धरून चालत होते, आणि कौतुक गोठ्यातल्या भाकड गाईचं चाललं होतं.

“ते आकडं दुधाचं न्हाईत,” मी म्हणाले. “मी परसाकडं किती वेळा जाते, त्याचं हाईत. लाल रेघ हाय तितं रक्त पडलंय.”

मुलाच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलाच्या वडिलांनी तात्यांना विचारलं, “घराण्यात आनखी कुणाला हाय का असलं?”

“न्हाय.”

“आत्याला होतं,” मी म्हणाले.

पाहुणे चहा तसाच ठेवून वाटेला लागले. आई कॅलेंडर काढायला उठली. मी सांगितलं, काढलंस तर उद्यापासून भिंतीवर कोळशानं लिहीन. मी चोरी केली नव्हती, माझं आतडं बिघडलं होतं. मान कशाला खाली घालू? तात्या आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या खेपेला पुण्याच्या एसटीत ते न बोलावता माझ्या शेजारी येऊन बसले. दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर आमचं घराणं मांडलं. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आजारी असेल तो आतून काळा. माझा गोल काळा केला. आत्याचा कोरा ठेवून त्यांनी विचारलं, “या कशानं गेल्या?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्यांनी सदऱ्याची बाही वर केली.

“माझं रक्त घ्या,” ते म्हणाले. “आनि त्यो गोल भरा. तिला इच्चू-बिच्चू काय चावला नव्हता.”