गार चाक

तापलेल्या लोखंडाला स्वतःचा असा एक वास असतो. भट्टीतल्या लालबुंद लोखंडाचा नव्हे. दूरवरून धावत आलेल्या मोटारीच्या चाकापाशी बसले की नाकाला झोंबतो तो, ब्रेकचा जळका पट्टा, धूळ आणि तेल यांचा एकवटलेला वास. तो आला की माझे मन आजही अलिबागेच्या वेशीवरल्या एका शाकारलेल्या छपराखाली जाऊन बसते. ग्रंथालयांनी मला पुष्कळ दिले, त्यांचा मी ऋणी आहे. परंतु विचार कसा करावा, हे मी प्रथम त्या छपराखाली पाहिले.

बी. ए.च्या परीक्षेसाठी मी मुंबईस निघालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी मराठी चौथीपलीकडे कोणी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेपर होता. धरमतरची दुपारची आगबोट चुकली की वर्ष बुडाले, आणि मला आणखी एक वर्ष शिकवण्याची वडिलांची शक्ती उरली नव्हती. रेवदंड्याहून मी हिराजीकाकांच्या सर्व्हिस मोटारीत बसलो. काका पूर्वी शिडाच्या मचव्यावर तांडेल होते. सुकाणू सोडून त्यांनी मोटार हाती घेतली होती, आणि त्या म्हाताऱ्या मोटारीवर त्यांचा मचव्याइतकाच जीव होता. अलिबागेत शिरताना समोर गाय आली. काकांनी ब्रेक दाबला. पण मोटार रेंगाळत, डावीकडे तोंड वळवून, गाईला जेमतेम चुकवून एका कुंपणाला जाऊन टेकली. पुढे कार्ल्याच्या खिंडीचा उतार होता! काकांनी मोटार तशीच वेशीवरल्या, मोटारी दुरुस्त करणाऱ्या हुसेनमिस्त्रींच्या छपराशी नेली.

इंटरपर्यंत मी थोडे पदार्थविज्ञान शिकलो होतो, आणि अर्धवट विद्येला धीर कुठला? “मिस्त्री, ब्रेकची सळई आवळा की झालं,” मी म्हणालो. मिस्त्रींनी वाकून हातानेच ब्रेकची पायपट्टी दाबून पाहिली. “सळई ताठ हाय, पंडित. पायपट्टी ढिली पडून खाली जात न्हाय, तरी गाडी थांबत न्हाय. मग काय आवळू, तुमचं डोकं?” उतारू हसले. मी ओशाळलो.

मग मिस्त्री स्वतः मोटार घेऊन रस्त्याने दूरवर गेले आणि वाटेत चारदा ब्रेक दाबत परत आले. उतरताच त्यांनी मागच्या डाव्या चाकाच्या लोखंडी डब्यावर तळवा टेकला आणि चटकन उचलला. त्या मोटारीला ब्रेक मागच्या दोनच चाकांना होते. उजव्या चाकावर मात्र त्यांचा हात, निजलेल्या लेकराच्या कपाळावर असावा तसा, स्वस्थ राहिला. “ह्यो राबतोय,” ते म्हणाले, “आन् ह्यो झोपलाय.”

किती साधी ही परीक्षा! चटका देते, जळते, वास मारते त्या चाकाकडे आपण साऱ्यांनी संशयाने पाहिले असते. पण ते बिचारे दोघांचे ओझे एकटे ओढून तापले होते. दोष होता तो शांत, शीतल, निष्पाप दिसणाऱ्या चाकात. संसारातही असेच नसते का?

उजवे चाक उघडले आणि माशाच्या तेलाचा उग्र दर्प सुटला. ब्रेक दाबताच डब्याला घट्ट धरणारा आतला पट्टा तेलाने थबथबला होता. काका खाली मान घालून म्हणाले, “मीच लावलं. मागं चाक उघडलं, तवा आत गंज दिसला. खारी हवा... मचव्याला लावतो तसं चोळलं जीव लावून.”

“अरे तांडेला,” मिस्त्री कपाळाला हात लावत म्हणाले, “मचव्याला सरकायचं असतं, ह्याला धरायचं असतं!”

काका गप्प राहिले असते, तर कुणाला काय कळले असते? पंधरा उतारूंसमोर आपली चूक अशी सांगणारा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

मिस्त्रींनी पट्टा पेट्रोलने धुतला, निखाऱ्यांवर धरून त्यातले तेल घामासारखे बाहेर काढले, मग कानशीने खरवडला. सूर्य माथ्यावरून कलला. मी कासावीस होऊन म्हणालो, “मिस्त्री, राहू द्या, हळू जाऊ आम्ही. माझी बोट चुकेल.” त्यांनी मान वर केली नाही. “बोट चुकली तर मला शिव्या दे. उतारावर काय झालं, तर तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?” माझ्या बापाला त्यांनी कधी पाहिलेही नव्हते.

धरमतरला आगबोटीची फळी ओढून घेत असताना मी तिच्यावर उडी मारली.

निकाल लागल्यावर पेढे घेऊन मी त्या छपराशी गेलो. मिस्त्रींनी पेढा तोंडात टाकला. कोणता वर्ग मिळाला, हे विचारले नाही. विचारले ते एवढेच, “त्या दिवशी उतारावर गाडी डावीकडं वढत होती का रे?”

मी पुष्कळ आठवून पाहिले. त्या उतारावर मी पुस्तक उघडून बसलो होतो. खिंड केव्हा आली आणि केव्हा गेली, मला उमगलेच नव्हते. खजील होऊन मी तसे सांगितले.

मिस्त्रींचा चेहरा उजळला. “कळलंच न्हाय ना?” ते म्हणाले. “मग पट्टा बराबर बसला हुता.”