टोपणाचे चाळीस ग्रॅम

शिकारीसाठी धनुष्याला जोडायचा भाता किती हलका करता येईल, हा प्रश्न माझा धाकटा भाऊ शिरीष याने मला विचारला होता. मी उत्तर दिले. त्याला जाऊन सात आठवडे झाले; ते उत्तर कुठे अपुरे होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

शिरीष इथे अमिरातीत, अल ऐनमध्ये, वातानुकूलनाची कंत्राटे घेई. मी इथेच शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. तो दर शनिवारी तिरंदाजीच्या क्लबात सराव करी आणि वर्षातून एकदा रीतसर परवाना काढून दक्षिण आफ्रिकेत शिकारीला जाई. मी त्याला मारेकरी म्हणे. “ताई, तुझ्या फ्रिजमधलं चिकन काय आत्महत्या करून येतं?” हे त्याचे ठरलेले उत्तर.

चढणीवर धनुष्य जड होते, नेम थरथरतो, ही त्याची तक्रार होती. त्याने आणलेले दोन भाते मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले आणि तक्ता केला : रिकामे वजन, बाणांसह वजन, धनुष्याचा कल. हलका भाता निवडला, तरी त्याचे समाधान होईना. बाणांची टोके झाकणारे खोल टोपण भात्याला असते, त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “हे थोडं कापलं तर?” मी सरावाचे बाण लावून पाहिले. टोके आतच राहत होती.

“चाळीस ग्रॅम वाचतील.”

“खलास! यल्ला ताई, करवत काढ.” ठरलं, चल, असा त्याच्या इथल्या अरबीचा अर्थ.

करवत मीच चालवली, कारण त्याची रेघ कधी सरळ येत नसे. शिकारीची पातेदार टोके त्याने आणली नव्हती. मुलांच्या घरात ती पेटीबाहेर काढायची नाहीत, हा नियम माझाच...

त्याच्यासोबत गेलेल्या प्रदीपचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. “ताई, आधी खाली बसा.” बाण लागलेले रानडुक्कर झुडपातून उलटे अंगावर आले. शिरीष मागे सरला आणि उतारावरून धनुष्यासकट कोसळला. भात्यातल्या उरलेल्या बाणाचे पाते मांडीत बुडापर्यंत शिरले. “पट्टा आवळला, दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी बोटांतून रक्त उसळतच होतं, ताई... दहा पावलांवर डुक्कर मरत होतं. दोघांची घरघर सारखीच येत होती. ‘पडलं का रे ते?’ एवढंच त्यानं विचारलं.” शेवटी प्रदीप म्हणाला, “पाती बाहेर डोकावत होती. टोपण कुणी कापलं होतं?”

मी सांगितले.

शिकारीचे टोक सरावाच्या टोकापेक्षा लांब असते. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

भाता तिकडच्या पोलिसांकडे आहे. कापलेला तुकडा माझ्या काट्याशेजारी आहे. परवा तो तोलला... एकेचाळीस ग्रॅम. अंदाज जवळजवळ बरोबर होता.

आपल्या घरातून कोणी शिकारीला जाणार असेल, तर भात्यात शिकारीचीच टोके लावा आणि एखादे पाते कुठून दिसते का, ते स्वतः पाहा. “मी तपासले आहे,” असे घरातल्या शिक्षिकेने सांगितले, तरीही.