कमरेवरचा हात

आमच्या चर्चची यात्रा म्हणजे सकाळी प्रार्थना आणि दुपारी लोणार. नांदुऱ्याहून पहाटे गाडी निघते, मेहकरकडच्या एका टेकडीवर मिशनच्या काळातलं प्रार्थनाघर आहे तिथं थांबते, आणि मग जेवणं उरकून सरोवर पाहायचं. लकवा झाल्यापासून आमचे हे घराबाहेर पडलेच नव्हते. डावं अंग गेलेलं. यंदा मात्र हटूनच बसले, "मले नेच. तिथं मागितलं तर भेटते." माझा जीव वरखाली. काही भेटलं नाही तर हा माणूस पार खचेल, हीच धास्ती.

यंदा बाहेरून एक पाहुणे पाळक बोलावले होते. काय तो आवाज, काय तो माईक! प्रार्थना रंगात आली तसे ते यांच्या खुर्चीपाशी आले, उजवा हात धरला आणि ओरडले, "ऊठ, चाल!" यात्रेची व्यवस्था पाहणारा आमच्याच मंडळीतला एक पठ्ठ्या मागून सरसावला. त्यानं यांची पँट डावीकडून कमरेशी मुठीत आवळली आणि पोतं उचलावं तसं यांना उचललं. हे उभे झाले. चार पावलं पुढंही सरकले. टाळ्या, हालेलूया, सगळ्यांचे मोबाइल वर! माईक यांच्या तोंडाशी आला. "साक्ष द्या, काका!" हे रडत रडत म्हणाले, "मी चाललो." मी मागं रिकामी खुर्ची धरून उभी. एवढ्या लोकांसमोर खोटं कशाला बोलतात म्हणून मला यांचाच राग आला.

लोणारला गाडी अगदी काठाजवळ लागली. सगळे भराभरा उतरले. हेही उठायला लागले, तर तोच पठ्ठ्या दारातून म्हणाला, "काका, तुमी बसा गाडीतच. पडले-गिडले तर आमच्या डोक्याले ताप."

"अरे, सकाळी चाललो ना मी!"

"हो हो, चालले ना," म्हणत तो गेलासुद्धा. आग लागो त्या व्यवस्थेला! काठ तो केवढा दूर? सकाळी मुठीत माणूस उचलणाऱ्याला दुपारी नुसता हात द्यायला जड गेलं. मी एकटीनं उठवून पाहिलं, पण मला यांचं वजन पेललं नाही.

तेवढ्यात माझ्या मोबाइलवर चर्चच्या ग्रुपात सकाळचा व्हिडिओ आला. हे पुन्हापुन्हा पाहत बसले. चेहरा इतका खुलला होता, की लकव्यानंतर मी तो तसा पाहिलाच नव्हता. मग एकाएकी थांबले. पडद्यावर बोट टेकवलं.

"अवं, माह्या कमरेले हा हात कोणाचा हाय?"

त्या अंगाला चिमटा काढला तरी यांना कळत नाही. रोज अंघोळ घालणारी मी, आणि मलाच त्याचा विसर पडला होता. हे खोटं बोललेच नव्हते. आपण आपल्या पायांनी चाललो असंच यांना वाटलं होतं.

"त्या व्यवस्थेवाल्याचा," मी म्हटलं.

"धरून होता?"

"हाव."

त्यांनी मोबाइल माझ्या मांडीवर टाकला. "पुसून टाक."

मी पुसला. माझ्या एकटीच्या मोबाइलमधून पुसून काय होणार, कपाळ! तो तर घरोघरी पोचला होता. तेव्हापासून हे चर्चला यायला तयार नाहीत. आणि दर रविवारी कोणी ना कोणी मलाच अडवून विचारतं, "चालाले लागले ना ते? मंग देवाचे आभार मानाले काऊन आणत नाही त्यायले?"