बायकोचा पांढरा ओटा

सगळे त्यांना 'ओटेवाले' म्हणायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी लोकांच्या स्वयंपाकघरांत क्वार्ट्झचे ओटे बसवले आणि निघताना घरोघरी तेच सांगितलं, "सांडलं की लगेच पुसा. मऊ फडकं, कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण. तारेची घासणी याला दाखवायचीसुद्धा नाही. आणि तापलेलं भांडं थेट ठेवलंत, तर मला फोन करू नका." फोन आला की जायचे मात्र.

त्यांच्या स्वतःच्या घरात ओट्यावर जुनी, काळी, खडबडीत फरशी होती. "दिव्याखाली अंधार," बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. साठी उलटल्यावर एका मोठ्या कामातून पांढराशुभ्र तुकडा उरला. मालकाने तो देऊन टाकला आणि एका रविवारी ओटेवाल्यांनी तो घरी बसवला. बायकोने त्यावरून तळहात फिरवला. "किती गार आहे हो," एवढंच म्हणाली, पण दिवसभर स्वयंपाकघरातून हलली नाही.

मग कपांच्या मागे साडेसाती लागली. महिन्याभरात तीन फुटले. ओट्यावर चहाचे ओघळ वाळून बसलेले असायचे, लिंबाच्या रसाचे चिकट ठिपके असायचे. ओटेवाल्यांचा जीव वरखाली व्हायचा.

"अगं, जगाला शिकवतो मी, आणि आपल्याच घरी ही कळा!"

"पुसते की," ती म्हणायची आणि डागाच्या वीतभर शेजारी पुसायची.

एका सकाळी ते आत आले तर ती तारेची घासणी घेऊन एकच जागा घासत होती, अगदी जीव तोडून. तळहाताएवढ्या भागाची चकाकी पार गेली होती. ते ओरडणार, तेवढ्यात तिने विचारलं, "गेलं का हो? हाताला चिकट लागतंय, पण दिसत काहीच नाही."

त्यांना फुटलेले कप आठवले. पांढऱ्या ओट्यावर पांढरा कप. तिला तो दिसतच नव्हता.

"कधीपासून असं?"

"वर्ष झालं असेल. तुम्ही एवढ्या हौसेने ओटा बसवलात. मला नुसतं धुकं दिसतं, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यांनी घासणी काढून घेतली, तिचे हात आपल्या हातांत धरून नळाखाली धुतले आणि त्या दिवशीचं काम पुढे ढकलून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया होईपर्यंत ओट्याच्या कडेला त्यांनी काळी चिकटपट्टी लावली, गडद निळे कप आणले आणि पुसायचं काम स्वतःकडे घेतलं.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तशी ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. निस्तेज चट्टा तिला लगेच दिसला.

"हे कोणी केलं?"

"मीच. पॉलिश करून बघत होतो, फसलं."

"खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात," ती म्हणाली. "आता मला स्पष्ट दिसतात हं ते." आणि पदराने डोळे पुसायला गेली, तेव्हा त्यांनी घाईने तिचा हात धरला. डॉक्टरांनी डोळ्यांना हात लावायला मनाई केली होती.

हल्ली माप घेण्याआधी ओटेवाले विचारतात, "स्वयंपाक कोण करतं? त्यांना जरा बोलवा." गेल्या महिन्यात एका घरी त्यांनी दगडाचे तीन नमुने मांडले आणि प्रत्येकावर पांढरा कप ठेवला. सुनेला पांढरा ओटा हवा होता. रोज रांधणाऱ्या सासऱ्यांनी गडद करड्यावर बोट ठेवलं. सुनेने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "करडाच बसवा, काका."